ज्याचें काम त्याचाच कारभार
महाविद्यालयाचा कारभार शिक्षकांनींच पाहावा ही कल्पना पुण्यास नवी नाहीं. १८८४ मध्यें स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटींत आजीव सभासद स्वतःच शिकवीत व स्वतःच कारभार पाहात. वेतन व बाहेरील उत्पन्न यांविषयींच्या मतभेदांतून १८९० मध्यें टिळकांनीं राजीनामा दिला. तरी संस्था टिकली. आम्हांस वाटतें, निर्णय घेणारे व त्याचे परिणाम सोसणारे एकच होते, हेंच तिचें बळ. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानें महाविद्यालय विकास समितींत शिक्षकांचे तीन निर्वाचित प्रतिनिधि असतात. अध्यक्षपद मात्र संस्थाचालकांकडे. अशा सभेंत शिक्षकानें नुसती मान डोलवावी काय? मतभेद नोंदविणें हा उद्धटपणा नव्हे. तें अध्यापनाचेंच एक अंग होय. तेवढें सोडलें, तर आम्ही केवळ पगारी नोकर उरूं.