मी लिहिलेल्या तीन चिठ्ठ्या

मोखाडा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी काही वर्षं वैद्यकीय अधिकारी होतो. सीटी स्कॅनची सोय आमच्याकडे नव्हती. गरज पडली की मी चिठ्ठी लिहायचो आणि रुग्ण त्र्यंबकच्या वाटेनं नाशिक गाठायचा. चिठ्ठी हातात दिली की माझं काम संपलं, असं मी धरून चालायचो. स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या कॉन्ट्रास्टची जबाबदारी सुई टोचणाऱ्याची, पाठवणाऱ्याची नव्हे, अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीची किंमत माझ्या रुग्णांनी मोजली.

पहिली चिठ्ठी चाळिशीतल्या एका बाईंची. पोटात सतत दुखायचं, वजन उतरत चाललं होतं. बाहेर ओपीडीची रांग लागली होती. मी कागदावरून मान वर न करता विचारलं, "ॲलर्जी काही?" त्या "नाय" म्हणाल्या. मी "ॲलर्जी नाही" असं लिहून खाली सही ठोकली. नाशिकला औषध शिरेत गेलं आणि काही मिनिटांत त्यांचं अंग गांधींनी भरलं, घसा आवळला, रक्तदाब कोसळला. तिथल्या लोकांनी क्षणही न दवडता मांडीत ॲड्रेनलिन दिलं, ऑक्सिजन आणि सलाईन लावलं. बाई वाचल्या.

परतल्यावर मी त्यांना समोर बसवून सगळं पुन्हा विचारलं. दिवाळीनंतर कुटुंबासोबत भिवंडीकडे वीटभट्टीवर गेल्या असताना त्यांचा "किडनीचा फोटो" काढला होता. तेव्हाही सुई दिल्यावर खाज सुटली होती, गांधी उठल्या होत्या, धाप लागली होती. कागद भट्टीवरच राहिला.

"ताई, हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही कवा इचारलं, डाक्टर?"

खरंच, विचारलं नव्हतं. मी एक इंग्रजी शब्द उच्चारला होता, आणि तो शब्द त्यांच्या घरात कधी शिरलेला नव्हता. आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्टची आधी कधी रिॲक्शन आली असेल, तर पुन्हा येण्याची शक्यता साधारण पाचपट होते; याहून मोठी धोक्याची खूण नाही. एरवी हे औषध पुष्कळ सुरक्षित आहे. जपानमध्ये 3 लाख 37 हजारांहून अधिक तपासण्यांचा अभ्यास 1990 साली प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या आयनिक औषधानं तीव्र रिॲक्शन आल्याचं प्रमाण 0.22 टक्के होतं, नव्या नॉन-आयनिक औषधानं ते 0.04 टक्क्यांवर आलं. म्हणजे 10 हजारांत चार. त्या चारांतली एक कोण असू शकते, हे आधी ओळखण्याची संधी माझ्या टेबलासमोर बसली होती, आणि मी ती घालवली.

दुसरी चिठ्ठी साठी ओलांडलेल्या एका बाबांची. मी सांगितलं, "उपाशीपोटी जा." त्यांनी ते जसंच्या तसं पाळलं. आदल्या संध्याकाळपासून अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही. मे महिना होता. पहाटेच्या एसटीनं निघाले आणि नंबर लागला दुपारी चारला. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या ते रोज घेत होते, आणि त्या मीच दिलेल्या होत्या. चिठ्ठीवर मी "क्रिएटिनिन नॉर्मल" असं लिहिलं होतं. मूत्रपिंडाच्या तपासणीचा तो रिपोर्ट आठ महिन्यांपूर्वीचा होता. तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, पाय सुजले, उलट्या सुरू झाल्या. तीन आठवडे ते रुग्णालयात होते. डायलिसिसची वेळ आली नाही, हे नशीब.

कॉन्ट्रास्टनं मूत्रपिंडाला होणारा त्रास पूर्वी समजत होते तितका सर्रास होत नाही, असं आता मानलं जातं. खरी काळजी घ्यायची ती मूत्रपिंडाची क्षमता दाखवणारा ईजीएफआर 30 च्या खाली असलेल्यांची. त्या बाबांच्या बाबतीत दोष कशाचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. पण कोरडं पडलेलं शरीर, रोजची वेदनाशामक गोळी आणि जुना रिपोर्ट, या तिन्ही गोष्टी माझ्याच हातून गेल्या. आजची नॉन-आयनिक औषधं देण्यासाठी उपाशी राहण्याची गरज नसते. पोटाच्या काही तपासण्यांत केंद्र काही तास खाऊ नका म्हणतं, पण पाणी कधीपर्यंत प्यायचं हे त्यांना विचारून रुग्णाला नीट सांगणं माझं काम होतं. उन्हाळ्यात जिथं हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहतात, त्या भागातल्या माणसाला मी तहानलेला पाठवला.

तिसरी चिठ्ठी मला सर्वांत जास्त छळते. बाळंतीण, मांडीवर चार महिन्यांचं मूल. पोटात गाठ लागत होती, कॉन्ट्रास्ट सीटी हवाच होता. कधीतरी वाचलेलं आठवून मी बजावलं, "सुईनंतर दोन दिवस बाळाला अंगावर पाजू नको." ती "हो" म्हणाली. पाड्यावर पावडरचं दूध विहिरीच्या न उकळलेल्या पाण्यात कालवलं गेलं. पावडर पुरवायची म्हणून ते पातळ केलं गेलं. बाळाला जुलाब लागले. दोन दिवसांचे सहा झाले, कारण आईचं दूध तोवर आटायला लागलं होतं. आशाताई त्याला घेऊन आल्या तेव्हा डोळे खोल गेले होते. आम्ही भरती केलं, ओआरएस दिलं, आईला पुन्हा पुन्हा छातीशी धरायला लावलं. दूध परतलं. मूल जगलं, पण काट्यावर गमावलेलं वजन भरून यायला महिने लागले.

शिरेत दिलेल्या आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्टपैकी एक टक्क्याहून कमी अंश 24 तासांत दुधात उतरतो, आणि बाळाच्या आतड्यातून त्याचाही एक टक्क्याहून कमी शोषला जातो. म्हणजे आईच्या मात्रेच्या 10 हजारांतला एक भागसुद्धा बाळापर्यंत पोचत नाही. दूध थांबवायची गरजच नव्हती. आणि "पाजू नको" हे मी कुठे बोललो? 1992-93 मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी ज्या जव्हारचं नाव महाराष्ट्राच्या तोंडी झालं, त्याच्या शेजारच्या तालुक्यात. इथं आईचं दूध हा मुलाचा सगळ्यात मोठा आधार आहे, आणि अर्धवट माहितीच्या जोरावर मी तो काढून घेतला.

याच अर्धवट माहितीतून आणखी एक चूक झाली. खेकडे खाल्ले की अंगावर पित्त उठतं, असं एकानं सांगितलं म्हणून "आयोडीनची ॲलर्जी" ठरवून मी त्याचा स्कॅन महिनाभर लांबवला. खेकड्याची ॲलर्जी त्यातल्या प्रथिनांची असते. तिचा कॉन्ट्रास्टच्या आयोडीनशी संबंध नाही. अतिसावधपणानंही रुग्णाचं नुकसान होतं, हे मी तेव्हा शिकलो.

त्यानंतर मी चिठ्ठी लिहिण्याआधी पेन खाली ठेवून बोलायला लागलो. फोटो काढताना कधी सुई दिली होती का? सुई दिल्यावर अंगाला खाज, गांधी, धाप, चक्कर असं काही झालं होतं का? दमा आहे का? साखरेची, गुडघ्याची, कसलीही गोळी चालू आहे का? पिशवीतल्या गोळ्या मी टेबलावर ओतायला सांगायचो. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, उतारवय असेल तर क्रिएटिनिन ताजं करून घ्यायचो. आणि निघताना सांगायचो: औषध गेलं की अंगात उष्णता पसरते, लघवी झाल्यासारखं वाटतं, ते क्षणभर असतं, घाबरू नका. पण खाज किंवा धाप वाटली तर लगेच ओरडा. सुईनंतर अर्धा तास तिथंच बसा, एसटी चुकली तरी चालेल.

या सगळ्याला सात-आठ मिनिटं लागतात. ती द्यायला रांग आड येते, हे मी जाणतो. पण माझ्या तिन्ही चिठ्ठ्यांत आड आला तो मीच.

डॉक्टर मित्रांनो, रुग्णाच्या बोलीत विचारा. आणि घरच्यांनो, सुईचा कधीही त्रास झाला असेल तर त्या औषधाचं नाव कागदावर लिहून घ्या, तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, भट्टीवर जाताना सोबत न्या आणि डॉक्टरनं विचारलं नाही तरी त्याच्यापुढे ठेवा.