अर्धा आटा ढिला

मागच्या डिसेंबरात आम्ही इचोड्याला गेलो, तेव्हा बॅगेत सगळ्यात जास्त जागा खाल्ली ती चिरंजीवांच्या रिमोटच्या ट्रकने. त्याची बॅटरी विमानात हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, म्हणून ती माझ्या पायाशी. बारा वर्षांच्या मुलाला आजोबांच्या गावी पंधरा दिवस ठेवायचं तर काहीतरी लाच द्यावी लागते. ही ती लाच.

ज्यांना इचोडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नागपूरहून हैदराबादला निघालात की आदिलाबादच्या पुढे साधारण तीस किलोमीटरवर, ४४ नंबरच्या महामार्गावर आमचं गाव लागतं. आमच्या लहानपणी तो सात नंबर होता. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग आंध्र, २०१४ पासून तेलंगण. पाट्या बदलत गेल्या, घरातली मराठी तीच राहिली. बाजारात तेलुगू, दुकानात हिंदी आणि चुलीपाशी "काहून वं, जेवाले येत नाही का?"

माझे बाबा, म्हणजे मुलाचे आबा, याच रस्त्यावर तीस वर्षं ट्रक चालवत होते. पुढे ट्रक सोडला आणि कापसाची शेती धरली. आई गेल्यापासून ते एकटेच आहेत. या वेळी त्यांना आमच्याकडे न्यायचंच, असं मी ठरवून आले होते. पासपोर्टचे कागद, डॉक्टरांची यादी, सगळं तयार. दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा ते गोठ्याकडे निघून गेले. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. मग दोन दिवस घरात फक्त टीव्ही बोलत होता.

त्यातच मुलगा तक्रार घेऊन आला. "आई, ट्रक सुटताना आवाज करतो. आधी घसरतो, मग पळतो."

घसरतो म्हणजे काहीतरी सैल आहे, हा माझा सरळ हिशोब. ट्रकच्या पोटात मोटरच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, पिनियन. ते शेजारच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या चाकाला फिरवतं, तो स्पर. आमच्या ट्रकमध्ये पिनियनला १९ दाते, स्परला ८६. म्हणजे मोटर साडेचार वेळा फिरते तेव्हा स्पर एकदा फिरतो. हा स्पर दोन चकत्यांमध्ये स्प्रिंगने दाबून धरलेला असतो आणि स्प्रिंगवर एक नट असतो. मी पाना लावला आणि तो नट फिरेनासा होईपर्यंत आवळला.

घसरणं थांबलं. ट्रक सुटला की पुढची चाकं उचलून घोड्यासारखा उभा राहायचा. मुलगा खूश, मीही खूश. मग तो शेतात गेला. वेचणी झालेल्या तुकड्यात काळी जमीन वाळून भेगाळली होती. मागचं चाक एका भेगेत अडकलं, मुलाने रिमोटचा घोडा पूर्ण दाबला आणि आतून टर्रर्र असा आवाज आला. मोटर फिरत होती, चाकं मात्र ढिम्म. उघडून पाहिलं तर स्परचे सात-आठ दाते साफ गेलेले. जवळ जादा स्पर एकच होता. मुलाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी ट्रक नाही, त्याची सुट्टीच मोडली.

आबा ओट्यावरून बघत होते. दोन दिवसांनी त्यांचं पहिलं वाक्य आलं, "आण इकडं."

त्यांनी चष्मा लावला, चकत्या बोटांनी चाचपल्या आणि हसले. "अरे, ही तं क्लच प्लेट हाय. एवढं कसून कोणं आवळलं?"

मी गप्प.

मग ते नातवाला सांगू लागले. निर्मलच्या अलीकडे महबूब घाट लागतो. भरलेली गाडी चढावर हाफ क्लचवर धरून ठेवली की प्लेट जळते, केबिनमध्ये वास येतो. म्हणजे फार घसरू देणं वाईटच. पण ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरचं बघ. त्याच्या जोडदांड्यात एक साधा बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. जमिनीत दगड किंवा खुंट लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. आबांनी एकदा वैतागून तिथे पक्का बोल्ट बसवला होता. "बोल्ट नाही तुटला. गिअरबॉक्स तुटला. त्या साली कापसाचे पैसे त्यातच गेले."

मुलगा म्हणाला, "म्हणजे हे घसरण्यासाठीच बनवलंय?"

"झटका आला तं घसरावं. रोजच्या चालीत नाही."

मग दोघं कामाला बसले. नवा स्पर बसवला. मोटर त्याच्याजवळ सरकवताना दोन्ही चाकांच्या दातांत वहीच्या कागदाची पट्टी घातली, दाबून मोटरचे स्क्रू आवळले आणि चाक फिरवून पट्टी बाहेर काढली. पट्टीवर दातांच्या घड्या उमटल्या, पण ती फाटली नाही. म्हणजे अंतर बरोबर. फार जवळ बसवलं तर दाते घासून गरम होतात, लांब राहिलं तर एकमेकांवरून उडतात. नंतर स्प्रिंग पुरती दबेपर्यंत नट आवळला आणि तिथून अर्धा आटा ढिला केला. मागची दोन्ही चाकं मुलाने घट्ट धरली आणि आबांनी अंगठ्याने स्पर ढकलून पाहिला. जोर लावला तर फिरला, सहज नाही.

हे सगळं चाललं असताना मला एक गोष्ट दिसली. अ‍ॅलन की स्क्रूच्या खाचेत बसवताना आबांचा हात थरथरत होता. तीनदा चुकला. चौथ्यांदा त्यांनी काही न बोलता पाना नातवाच्या हातात दिला आणि स्वतः फक्त बोट ठेवून जागा दाखवली. मुलानेही काही विचारलं नाही. फोनवर मी रोज विचारायचे, "बाबा, तब्येत कशी?" उत्तर यायचं, "मस्त." इतक्या वर्षांच्या त्या 'मस्त'मधलं मला त्या ओट्यावर दिसलं.

अंगणात ट्रक सोडला. एक-दीड हात बारीक शीळ घालत घसरला, मग पकडला आणि सुसाट गेला. "असाच आवाज पायजे," आबा म्हणाले. त्यांनी मोटरला आणि स्परला हात लावून बघायला शिकवलं. चटका बसला तर क्लच जास्त घसरतोय, पाव आटा आवळायचा.

रात्री मी कागदांची फाइल बॅगेत परत ठेवली. सकाळी चहा देताना एवढंच म्हणाले, "बाबा, वेचणी आटोपली की दोन महिने या. पेरणीच्या आत परत आणून सोडते. आणि आधी आदिलाबादला डॉक्टरांना हात दाखवू."

ते बशीत चहा ओतत राहिले. थोडा सांडला. या वेळी त्यांनी तो लपवला नाही. "दोन महिने म्हणजे दोनच," ते म्हणाले.

एप्रिलात ते आले आहेत. दाते गेलेला तो स्पर त्यांनी धाग्यात ओवून बरोबर आणला आणि नातवाच्या टेबलाशी टांगला. परतीचं तिकीट जूनचं आहे. ते मीच काढलं आहे.