माझं मत नेमकं कुठं गेलं?

परवा स्टाफरूममध्ये एका नव्या मॅडमनी विचारलं, "सर, इलेक्शन ड्युटी लागली की आपलं मत कोण टाकतं?" सगळे हसले. मला काही हसू आलं नाही, कारण या प्रश्नाचं उत्तर कळायला मला पंधरा वर्षं लागली.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. शाळा चिपळूण तालुक्यात, नाव मतदार यादीत पाटण तालुक्यातल्या गावी. मधे कुंभार्ली घाट. २००९ पासून लोकसभा आणि विधानसभा मिळून आठ निवडणुका झाल्या, आठही वेळा ड्युटी. आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर जायचं, रात्री शाळेच्या बाकावर झोपायचं, पहाटे मॉक पोल, मग दिवसभर दुसऱ्यांच्या बोटाला शाई. माझं स्वतःचं बोट कोरडंच.

पहिल्या दोन वेळा तर ड्युटीवाल्यांनी नमुना १२ भरून टपाली मतपत्रिका मागायची असते हेच मला माहीत नव्हतं. प्रशिक्षणात एवढ्या कागदांवर सह्या घेतात की कुठला कशाचा याचा पत्ता लागत नाही. दोष माझाच, मीही विचारलं नाही.

२०१४ च्या विधानसभेला फॉर्म भरला. मतपत्रिका शाळेच्या पत्त्यावर पोस्टानं आली. आत दोन पाकिटं, एक लहान, एक मोठं. मतपत्रिका, घोषणापत्र आणि बारीक अक्षरातल्या सूचना. घोषणापत्रावरची सही राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करायची, म्हणून तालुक्याच्या गावी दोन हेलपाटे मारले. तिसऱ्यांदा साहेब सापडले. सही झाली, शिक्का बसला. मी बाईकवर बसूनच सगळं पाकिटात घातलं आणि पोस्टात टाकून आलो. घरी आल्यावर बायकोला अभिमानानं सांगितलं, "या वेळी आपण मत दिलं बरं का!"

त्या मताचं काय झालं ते पाच वर्षांनी कळलं. म्हणजे कुणी कळवलं नाही, माझं मलाच कळलं.

२४ ऑक्टोबर २०१९. विधानसभेची मतमोजणी, आणि मी टपाली मतांच्या टेबलावर सहायक. सकाळी आठला मोजणी सुरू होते ती टपाली मतांपासूनच. पद्धत अशी: आधी मोठं पाकीट उघडतात. त्यातून दोन गोष्टी निघायला हव्यात, एक घोषणापत्र आणि एक बंद लहान पाकीट. घोषणापत्र नीट आहे का, सही आहे का, साक्षांकन आहे का, त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक आणि लहान पाकिटावरचा क्रमांक जुळतो का, हे पाहतात. सगळं जुळलं तरच लहान पाकीट पुढं जातं. नाही जुळलं तर ते उघडतच नाहीत. आतल्या मतावर 'बाद' असा शेरा बसतो, ते कुणाला दिलंय हे बघायचा प्रश्नच येत नाही.

चौथं की पाचवं पाकीट असेल. मोठ्या पाकिटातून फक्त लहान पाकीट निघालं, घोषणापत्र नाही. लहान पाकीट जाडसर लागत होतं. सुपरवायझर म्हणाले, "घोषणापत्र आत घातलंय बघा. बाद." आणि ते बाजूच्या गठ्ठ्यात गेलं.

मी तिथंच गार पडलो. कारण २०१४ ला बाईकवर बसून मी अगदी हेच केलं होतं! मतपत्रिका आणि घोषणापत्र एकत्र दुमडून लहान पाकिटात, ते मोठ्यात, आणि वरून डिंक. पाच वर्षं मी समजत होतो की आपण मतदान केलं. त्या दिवशी आमच्या टेबलावर जी बाद झाली, ती बहुतेक माझ्यासारख्याच कुणाकुणाची असणार. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस. निवडणूक चालवणारे लोक.

त्याच निवडणुकीतली माझी स्वतःची मतपत्रिका? दिवाळीची सुट्टी संपवून शाळा उघडली तेव्हा टपालात पडलेली मिळाली. निकाल लागून गेला होता.

काही जण म्हणतात, टपाली मतं ती किती, त्यानं काय होतंय? ४ जून २०२४ आठवा. मुंबई उत्तर पश्चिमला रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा ४८ मतांनी पुढं राहिले. ४८! आणि तिथं बाद ठरलेल्या १११ टपाली मतपत्रिका पुन्हा तपासायची वेळ आली होती. नोव्हेंबरात साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी निवडून आले. एका मतदारसंघात ड्युटीवाले याहून कितीतरी जास्त असतात. मला कुठल्याच पक्षाचं काही म्हणायचं नाही, मी पाकिटांबद्दल बोलतोय.

आता आईची गोष्ट. आई सत्त्याऐंशीची, गावी दादा-वहिनीकडं असते. २०२४ च्या लोकसभेआधी पंच्याऐंशीच्या वरच्यांना घरून मतदानाची सोय होती (आधी ही मर्यादा ऐंशीची होती, त्याच वर्षी वाढवली). चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल त्यांनाही. बीएलओ नमुना १२ड घेऊन घरी आला. आई म्हणाली, "मी काय अंथरुणाला खिळलीया व्हय घरात बसून मत द्यायला?" फॉर्म परत. ७ मेच्या उन्हात दादानं जीपमधनं नेली, परत आली आणि दोन दिवस झोपून राहिली.

विधानसभेला मात्र वहिनीनं फॉर्म भरून घेतला. एकदा घरून मतदान घेतलं की मग केंद्रावर जाता येत नाही, हेही वहिनीनं तिला दोनदा सांगितलं. मतदानाच्या आधीच पथक आलं. दोन अधिकारी, पोलीस, व्हिडिओ काढणारा. आडोशाला पुठ्ठ्याचा खोका मांडला. दादा सवयीनं शेजारी जाऊन उभा राहिला तर आई म्हणाली, "तू भायेर जा. पन्नास वर्सं कुणाला दावलं न्हाई, आता तुला दावू?" वहिनीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये होतो, मोठ्यानं हसलो आणि मास्टर ट्रेनरची बोलणी खाल्ली.

त्याच आठवड्यात माझंही झालं. आता पोस्टाची भानगड ड्युटीवाल्यांना राहिलेली नाही. सुविधा केंद्रातच जाऊन मत द्यायचं, तिथंच साक्षांकन, तिथंच पेटी. लोकसभेला याच केंद्रात "तुमच्या मतदारसंघाची मतपत्रिका आलेली नाही" म्हणून मला परत पाठवलं होतं. या वेळी आली होती. लहान पाकिटात फक्त मतपत्रिका. घोषणापत्र बाहेर. क्रमांक जुळवला. परत उघडून बघावं असं वाटत होतं, पण डिंक लावला होता. मागचे सर ओरडले, "अहो, चेक लिहिताय काय?"

रात्री आईचा फोन. "तुझं पडलं का?" म्हटलं, पडलं. "मोजलं का?" यावर काय सांगणार? टपाली मत बाद झालं तर ते मतदाराला कुणी कळवत नाही. माझा आयोगाकडं हा एकच आग्रह आहे. मत कुणाला दिलं ते गुप्त राहू दे, पण पाकीट मान्य झालं की नाही एवढा मेसेज मोबाईलवर यायला काय हरकत आहे? आधारापासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळ्याचे मेसेज येतात की.

ड्युटीवाल्यांना निदान ही सोय तरी आहे. आमच्या गावचे निम्मे लोक नवी मुंबईत माथाडी. त्यांना टपाली मत नाही, त्यांनी गाडी करून घाट चढायचा. २०२३ मध्ये आयोगानं बाहेरगावच्यांसाठी वेगळं यंत्र दाखवायला काढलं होतं, पक्षांचं त्यावर एकमत झालं नाही, विषय तिथंच थांबला.

तर मॅडम, पहिल्याच प्रशिक्षणात नमुना १२ मागून घ्या. ओळखपत्राचा नंबर, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक आधी मोबाईलमध्ये लिहून ठेवा, कारण तिथं त्याच्यावरच सगळं अडतं. ज्यांची मुलं अठराची होतायत त्यांनी नमुना ६ भरा, आता वर्षात चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद, मग कितीही भांडा.

मला लोक विचारतात, नाव चिपळूणला का आणत नाही? नमुना ८ भरला की झालं. मी दादाला एकदा म्हटलं होतं. तो म्हणाला, "म्हंजे गावातनं नाव काढणार तू?" आणि तीन आठवडे बोलला नाही. फॉर्म भरून कपाटात ठेवलाय.