एका गाण्यात मावतील तेवढी माणसं

घरचं कार्य ठरलं की कार्यालय, केटरर आणि गुरुजींच्या पाठोपाठ आता चौथं काम निघतं, फोटोंची फिल्म. आमच्या पुण्याजवळच्या मांजरीत साखरपुडा असो की एकसष्टी, लॉन्सवर एलईडीचा पडदा लागतो आणि त्यावर दाखवायला काहीतरी हवंच असतं. हे काम घरातल्या ‘कॉम्प्युटर येणाऱ्या’ माणसाच्या गळ्यात पडतं. यंदा वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने ते माझ्या गळ्यात पडलं.

*

गाणं आधी ठरवावं, फोटो मागून. पाच मिनिटांचं गाणं म्हणजे 300 सेकंद. फोटो पाच सेकंद ठेवला आणि एकातून दुसरा उमलायला एक सेकंद दिला, तर तो सेकंद दोघांच्या हिशेबात धरला जातो. म्हणून 60 नव्हे, 75च्या आसपास फोटो बसतात. अल्बममधून मात्र त्याच्या कितीतरी पट निघतात आणि रुसवेफुगवे इथेच सुरू होतात. मोठ्या मामांचे चार फोटो आणि धाकट्यांचा एकच, हे पडद्यावर कुणी मोजत नाही असं समजू नये. मोजतात, आणि जेवताना बोलूनही दाखवतात.

पन्नास माणसांचा ग्रुप फोटो पाच सेकंदांत बघून होत नाही. नजर रांगेरांगेने आपला माणूस शोधत असते. त्याला आठ-नऊ सेकंद द्यावेत. एकट्या चेहऱ्याला तीन पुरतात.

*

केरवा ताल आठ मात्रांचा. मिनिटाला 120 मात्रांची लय असेल तर एक आवर्तन चार सेकंदांत पुरं होतं. फोटो समेवर बदलला की बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण फिल्म ‘जमली’ असं वाटतं. टाइमलाइनवर गाण्याची आकृती उमटते, ढोलकीच्या थापेला तिथे रेघ उंच उठते. फोटोची कड ओढून त्या रेघेवर सोडायची, बस्स.

*

2000 साली विंडोज एमईसोबत मूव्ही मेकर आला, पुढे एक्सपीतून घरोघरी पोचला आणि हौशी लोकांची एक पिढी त्यावर शिकली. पान उलटणं, तुकडे होणं, गोल फिरणं असा प्रत्येक चमत्कार प्रत्येक फोटोला लावून झाला. 2017च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने तो बंद केला. आता क्लिपचॅम्प, शॉटकट, ओपनशॉट आहेत. जुना धडा नव्यांनाही लागू आहे: शॉटकट किंवा ओपनशॉटच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये फोटो नसतात, ते कुठे ठेवलेत याची नोंद असते. ती एकटीच पेन ड्राइव्हवर नेली तर लॉन्सवाल्याच्या लॅपटॉपवर काही दिसणार नाही. न्यायची ती तयार एमपी4.

*

व्हॉट्सअॅपवर नातेवाईक धडाधड फोटो पाठवतात. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत बारीक होतो आणि काढल्याची तारीख गमावतो. अँड्रॉइडवर त्याच्या नावात दिसणारी तारीख असते ती फोटो आल्याची. म्हणून ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हे प्रत्येकाला फोन करून सांगावं लागतं.

सहा बाय चारचा छापील फोटो 300 डीपीआयने स्कॅन केला तर रुंदी 1800 पिक्सेल येते, फुल एचडी पडद्याची 1920. म्हणजे फोटो थोडा जवळ घ्यायची सोय उरली नाही. 600ने करावा.

*

मागे तारीख नसलेल्या फोटोचं साल पार्श्वभूमीवरून काढता येतं. आमच्याकडची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट 1975ची, द्राक्ष संशोधन केंद्र 1997चं, मांजरी बुद्रुक महापालिकेत गेलं 2021मध्ये. मागच्या पाटीवर ग्रामपंचायत असेल तर फोटो बहुधा त्याआधीचा. कुणाच्या खांद्यामागे ऊस आहे, कुणाच्या मागे द्राक्षाचा मांडव, कुणाच्या मागे बारा मजल्यांचं बांधकाम. माणसांचे म्हणून काढलेले फोटो ओळीने लावले की गावाचीही फिल्म होते.

*

चित्रामागून चित्र आणि सोबत गाणं, हे आपल्याकडे नवं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातल्या कथा गात आले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन काचेवर रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर पाडत. खेळाचं नाव शांबरिक खरोलिका. दोन्हीकडे चित्राशेजारी सांगणारा माणूस असे. आपल्या फिल्ममध्ये गाणं आहे, सांगणाराच नाही. उलट आवाज एवढा मोठा असतो की ज्याला माहीत आहे तोही गप्प बसतो.

*

फोटो लावत होतो, तेव्हा आत्या शेजारी खुर्ची ओढून बसली. मांडवाखालचा फोटो आला. आजी, वडील, क्रेट, पुढे माती. मी पुढचा लावणार तोच म्हणाली, “थांब रं. ती सावली बघितली का?” खाली मातीवर उन्हाची तिरपी सावली होती, कोपरं वर उचललेली, डोक्यावर टोपी. “धाकट्या अण्णाची हाय. कॅमेरा त्याचाच, म्हणून तो कुठंच न्हाई.”

फिल्मच्या चौकटीत मात्र प्रोग्रामने ती सावली एव्हाना कापून टाकली होती. रिळाचा फोटो 3:2, पडदा 16:9. पडदा पूर्ण भरायचा म्हटलं की वरून-खालून मिळून उंचीचा जवळपास सहावा हिस्सा जातो. बहुतेक प्रोग्रामांत ‘फिट’ केलं की फोटो अख्खा राहतो, बाजूला काळ्या पट्ट्या येतात. कुणाला त्या वाईट दिसतात. दिसू देत. अण्णाकाकांच्या वाट्याला अख्ख्या फिल्ममध्ये तेवढीच जागा आहे, आणि आत्या बोलली नसती तर तीही गेली असती.

*

तेव्हापासून फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवतो. आत्याला सांगत नाही असं नाही. सांगितलं की ती पहिली दोन वाक्यं पुस्तकी बोलते, मग विसरते. आवाजाचा वेगळा ट्रॅक टाकून त्याखाली गाणं हळू करता येतं, पण दोन्ही एकत्र नीट ऐकू येत नाहीत. शब्दांवर शब्द चढतात. गाणं ठेवायचंच तर नुसतं वाद्यसंगीत घ्यावं.

*

म्हणून दोन प्रती करतोय. लॉन्ससाठी पाच मिनिटांची, समेवर बदलणारी, सगळ्या मामांना समान न्याय देणारी. तिथे लोकांना जेवायचं असतं, एकमेकांना भेटायचं असतं, तेवढी पुरे. दुसरी घरासाठी. तिच्यात गाणं नाही, फोटो किती सेकंद ठेवायचा ते आत्याचं बोलणं ठरवतं. मांडवाचा फोटो तीत चांगला दीड मिनिट आहे. या प्रतीला मागणी नाही, कुणी विचारलेलंही नाही. पण वेळ कमी पडला तर लॉन्सवाली घाईत उरकेन, ही नाही.