पिवळी काजळी

व्यापारी घरात वाढलेल्यास खात्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. रक्कम अचूक असली, तरी भलत्या खात्यात पडली की पुढचा सारा हिशेब बिघडतो. सजीवांच्या खतावणीतही असा एक जीव आहे. मराठीत त्याला श्लेष्मकवक म्हणतात. कवक म्हणजे बुरशी. आणि हा जीव तर बुरशी नव्हे.

गेल्या श्रावणात आमच्या गोदामामागील भिजलेल्या ओंडक्यांवर गर्द पिवळा, फेसासारखा थर दिसला. दिवाणजींनी ती बुरशी ठरवून फिनेल मागवले. मातोश्री म्हणाल्या, "दिवाणजी, थांबा. सकाळी ते त्या टोकाला होतं." पाहिले तर थर खरोखरच चार बोटे पुढे सरकला होता. जे चालते त्यावर विष ओतू देण्यास त्या तयार नव्हत्या. मग नाव काय, हा प्रश्न केवळ पुस्तकी उरला नाही.

दोन दिवसांनी थर फिकट व ठिसूळ झाला. कवच फुटले तेव्हा आतून काळसर भुकटी निघाली.

पाहुणा बहुधा 'फुलिगो सेप्टिका' असावा. युरोपात कातडी कमावणाऱ्यांच्या सालींच्या ढिगांवर तो उगवे. १७६३ मध्ये लिनियसने त्याला 'म्यूकर', म्हणजे बुरशीच्याच प्रजातीत घातले. १७८० मध्ये 'फुलिगो' हे नाव आले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ काजळी. पिवळ्याधमक जीवाला काजळी म्हणणे विनोदी वाटते, पण ती भुकटी बोटाला लागली की हसू मावळते. ती भुकटी म्हणजे त्याचे बीजाणू.

बुरशी अन्न बाहेरच पचवून शोषून घेते. हा जीव मात्र जिवाणूंना वेढून गिळतो. तो पसरट थर म्हणजे असंख्य केंद्रके असलेली एकच पेशी. तिच्यातील रस मिनिटा-मिनिटाला दिशा पालटून वाहतो. कोरड पडली की ती आक्रसून निपचित राहते आणि ओल मिळताच पुन्हा चालू लागते. बीजाणूंतून पाण्यात पोहणाऱ्या पेशी निघतात, हे जर्मन शास्त्रज्ञ अँटन द बारी याने पाहिले आणि १८५९ च्या सुमारास त्यांना 'मायसेटोझोआ', म्हणजे बुरशी-प्राणी, असे नाव दिले. तडजोडीचेच नाव, पण निदान चालीची नोंद घेणारे.

हेच नाव आर्थर लिस्टर यांनी उचलले. जंतुविरोधी शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांचे ते बंधू. व्यवसाय लंडनमध्ये मद्याचा. (आपल्या घरांतून हा धंदा कुणी नातलगास सांगणार नाही, पण माणूस नोंदी ठेवणारा.) १८९४ मध्ये त्यांचा या जीवांवरील ग्रंथ निघाला. कन्या गुलिएल्मा त्यांच्यासोबत अभ्यास करीत व चित्रे काढीत. पित्याच्या पश्चात त्यांनी १९११ आणि १९२५ मध्ये ग्रंथाच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. पेढी मुलीने सांभाळावी तशी, आणि मला वाटते, भांडवल वाढवून.

आता जनुकीय तपासणीने या जीवांना अमीबाच्या कुळात बसवले आहे. तरीही त्यांच्या नव्या जातींची नावे आजही शैवाल, कवके आणि वनस्पती यांच्या नामकरणाच्या नियमावलीनुसारच नोंदली जातात.