बर्फावरची गाडी आणि बोगद्यापलीकडचे बांधव

कल्याण-डोंबिवलीच्या नोकरदार कुटुंबांना हिमाचलची सहल आता नवी राहिलेली नाही. पंजाब मेल कल्याणला थांबते, दिल्लीहून रात्रीची बस सकाळी मनालीला सोडते. परतलेल्यांच्या फोटोंत एक फोटो हमखास असतो : अंगात भाड्याचा जाड कोट, पायांत गमबूट आणि खाली स्नो स्कूटर. गेल्या फेब्रुवारीत आमच्या विहारातील पाच कुटुंबांनी मिळून हा प्रवास केला. त्या गाडीवर आम्हीही हौसेने बसलो. परंतु वाचकांना सांगावे असे जे आहे, ते त्या गाडीच्या पुढचे आहे.

मनालीच्या वर सोलंगच्या उतारावर या गाड्या उभ्या असतात. पुढे चाकांऐवजी दोन घसरपट्ट्या, मागे बर्फ पकडणारा रबरी पट्टा आणि हातात मोटारसायकलसारखे हँडल. गाडीवाला आपल्या मागे बसून ताबा ठेवतो. दहा-पंधरा मिनिटांत फेरी आटोपते. दर आधी ठरवावा, फेरी कुठपर्यंत तेही विचारून घ्यावे. कॅनडा-अमेरिकेत लोक वाटाड्याबरोबर दिवसभर डोंगर हिंडतात आणि रात्री दूरच्या लॉजवर उतरतात. आपल्याकडे ती मैदानातली गंमत आहे.

पण ही गाडी गमतीसाठी जन्मली नाही. कॅनडातील क्यूबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बोंबार्दिए नावाचा गॅरेजवाला होता. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा आजारी पडला. बर्फाने रस्ते बुजलेले, दवाखान्यात न्यायला वाहन नाही. मूल दगावले. बर्फावर चालणारी गाडी बनवण्याचा त्याचा प्रयत्न आधीपासूनच चालू होता, तो त्याने तडीस नेला. त्याच्या पहिल्या बर्फगाड्या डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुले वाहून नेत. एकट्या-दुकट्याने चालवायची लहान गाडी 1959 मध्ये आली. याच माणसाच्या नावाची कंपनी पुढे रेल्वेच्या धंद्यात शिरली. पश्चिम रेल्वेवर 2015 पासून धावू लागलेल्या ‘बंबार्डियर’ लोकलचे नाव आपण ऐकले आहे, ते त्याचेच.

ही हकिगत आम्हाला बोगद्यापलीकडे गेल्यावर खरी कळली. सोलंगच्या पुढे रोहतांग खिंडीखालून जाणारा 9.02 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा 3 ऑक्टोबर 2020 रोजी खुला झाला. 3,978 मीटर उंचीची खिंड हिवाळ्यात बंद होई आणि पलीकडचे लाहौल खोरे पाच-सहा महिने जगापासून तुटे. केलाँगला ज्या घरी आम्ही उतरलो, तेथील ताई चहा देता देता म्हणाल्या, “पूर्वी दिवस भरत आलेल्या बाईला बर्फ पडायच्या आत कुल्लूला नातेवाइकांकडे पाठवत. राहिली तर हेलिकॉप्टरची वाट पाहायची, आणि तेही हवा साफ असली तरच.” आमच्या बायका ऐकतच राहिल्या. आपल्याला ज्या बर्फाचे पैसे मोजून कौतुक, तोच बर्फ त्यांच्या दारातला अडसर होता.

या लाहौलमध्ये बौद्ध वस्ती मोठी आहे. केलाँगसमोर भागा नदीपलीकडच्या उतारावर जुना कारदंग मठ दिसतो, गावाच्या वरच्या अंगाला शाशुर मठ आहे. तांदी येथे चंद्रा आणि भागा या नद्या मिळतात आणि पुढे तीच चिनाब होते. आम्ही “जयभीम” म्हटले, त्यांनी “जुले” म्हटले. बुद्धमूर्तीसमोर आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटले, तेव्हा घरातील आजोबा हात जोडून उभे राहिले.

तरीही दोन्हीकडचा फरक झाकू नये. तिकडे लामांचे विधी, फिरती मंत्रचक्रे आणि अनेक देवता आहेत. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञा तिकडच्या परंपरेत नाहीत. शेकडो वर्षांचा बुद्धधम्म असूनही त्या खोऱ्यात लोहार आणि चिनाल समाजांना खालचे मानण्याची रीत चालत आली. नुसत्या मूर्तीने माणसातले अंतर मिटत नाही, त्यासाठी प्रतिज्ञा आणि आचरण लागते, हे तेथे स्पष्ट दिसते. पण म्हणून त्यांना हसण्याचे कारण नाही. आपल्याही वस्तीत प्रतिज्ञा घेऊन पोटजात विचारणारे आहेतच. त्यांनी मठ आणि ग्रंथ जपले, आपल्याला बाबासाहेबांनी समतेची दृष्टी दिली. दोघांनी एकमेकांच्या घरी बसून बोलावे, यातच धम्माचे हित आहे.

म्हणून मनालीला जाणाऱ्या कुटुंबांनी एक दिवस वाढवावा. मनालीहून केलाँग साधारण 70 किलोमीटर. हिवाळ्यात बोगदा चालू आहे का, याची चौकशी मनालीतच करावी. वृद्धांनी व दम्याच्या रुग्णांनी उंचीचा विचार करून डॉक्टरांना विचारावे. हॉटेलऐवजी गावातील घरी उतरावे, म्हणजे पैसा त्या माणसांच्या हाती जाईल. जाताना बाबासाहेबांचे हिंदी चरित्र आणि बावीस प्रतिज्ञांची हिंदी प्रत न्यावी. मुलांना बर्फावरच्या गाडीत जरूर बसवावे, आणि ती गाडी कोणाच्या दुःखातून बनली हेही तेथेच सांगावे.