गच्चीवरचें ऊन

आमच्या गच्चीवर सौर पॅनेलें बसविण्याचा विषय निघाला, तेव्हां घरांत दोन तट पडले. २०२४ सालच्या ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजनेखालीं तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांचें साहाय्य मिळणार होतें. पुरुषमंडळींचा हिशेब चोख होता. पण सुमारें तीनशें चौरस फूट गच्ची त्यांत जाणार, मग वाळवणें कोठें घालावयाचीं, हा सासूबाईंचा प्रश्न! आम्ही हंसलों, तें आतां बोचतें. दिवसा उरलेली वीज वाहिनीवर जाते व रात्रीं घेतलेल्या विजेंतून वजा होते, हें मीं त्यांना मीटरजवळ नेऊन समजाविलें. “म्हणजे शेजारणीशीं चालते तशी उसनवारीच कीं!” त्या म्हणाल्या. बिल खरोखरच उतरलें. यंदा पापड मात्र जिन्यालगतच्या पट्टींत वाळले, आणि तेही निम्मेच.